वरच्या थरातले डबे

हे मी आजवर कुणापुढेही तोंडाने उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही. देवापुढे उभं राहण्याची सवय मला कधीच नव्हती, त्यामुळे तिथेही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असाल, तर चुकीचं ओळखता.

मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. ती प्रसिद्धी मी कष्टाने मिळवलेली आहे आणि मला तिची लाज वाटत नाही. माझ्याविषयी कुणी चुकीचं बोललं की ते खोडून काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आज मी जे खोडायला बसलो आहे ते मात्र माझ्या स्तुतीचं आहे – आणि हे काम आजवर मी कधी केलेलं नाही. हात अडखळतो. अडखळू दे.

गेल्या महिन्यात अनिरुद्ध बोरिवलीला घरी आला. हा माझा जुना विद्यार्थी. आता तोही निवृत्तीला टेकला आहे. लवकरच मला ऐंशी पूर्ण होतील, त्यानिमित्त माझ्या विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे. त्यातला त्याचा लेख छापण्यापूर्वी मी नजरेखालून घालावा, एवढीच त्याची विनंती. लेखात एक परिच्छेद आहे. तो असा : ‘एका अर्धशिक्षित सहायिकेच्या हलगर्जीपणामुळे सरांच्या आयुष्यभराच्या संशोधनावर पाणी पडले. तरीही सरांनी त्या बाईंविषयी कधी वावगा शब्द काढला नाही, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा.’ पुढे त्या बाईंचं संपूर्ण नाव आहे. आडनावासकट, वर्सोव्याच्या पत्त्यासकट.

मनाचा मोठेपणा. मी ते शब्द कितीदा वाचले असतील?

पहिली गोष्ट – जयवंती अर्धशिक्षित नव्हती. रसायनशास्त्र घेऊन ती पदवीधर झालेली होती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात पहाटे आईबरोबर मासळी निवडून मग कॉलेजात जायची, आणि तरीही प्रयोगशाळेतल्या आम्हा सगळ्यांहून तिचा हात स्थिर होता. अनिरुद्धने तिला पाहिलेलं आहे. तिने काढलेल्या आलेखांवर त्याचा प्रबंध उभा आहे. ‘अर्धशिक्षित’ हा शब्द त्याला सुचला कसा? – पण हा प्रश्न त्याला विचारण्याचा अधिकार मला नाही. तो शब्द सुचावा अशी हवा मीच निर्माण केली होती.

दुसरी एक कथा आहे, तीही खोडतो. माझा एक सहकारी – आता हयात नाही, म्हणून नाव घेत नाही – सभा-संमेलनांतून खाजगीत सांगत असे की मला क्रिलचं रसायन मुळात कळलंच नव्हतं. चूक झाली ती अज्ञानातून. ही निंदा वाटते ना? मला ती अनेक वर्षं झोंबली. पुष्कळ उशिरा लक्षात आलं की त्या माणसाने मला वाचवलं होतं. अज्ञानाला क्षमा असते. मी अज्ञानी नव्हतो. या देशात त्या काळी क्रिलच्या चरबीविषयी माझ्याइतकं जाणणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि हे मी आजही कुणाशीही वाद घालून सिद्ध करीन.

तेव्हा आधी तेच सांगतो. त्यावाचून पुढचं कळणार नाही.

जवळा तुम्ही पाहिलेला आहे. क्रिल त्याच्यासारखाच दिसतो – नात्याने लांबचा, तोंडवळ्याने सख्खा. पण तो राहतो दक्षिणेकडच्या बर्फाळ महासागरात. उन्हाळ्यात तिथला बर्फ वितळतो, पाण्यात सूक्ष्म शेवाळाची दाटी होते, आणि क्रिल अधाशासारखा खाऊन अंगात चरबी साठवतो. मग काळोखा हिवाळा येतो. खायला फारसं काही नसतं. त्या साठ्यावर तो तगून राहतो. पाणी किती थंड होतं, बर्फ किती जवळ होता, शेवाळ कोणत्या जातीचं होतं – या सगळ्याचा ठसा त्या चरबीत उमटतो. त्याची चरबी तपासून तो कोणत्या पाण्यात जगला हे सांगता येतं. मला सांगता येत असे.

आता दुसरी बाजू. क्रिल मेला की त्याच्या पोटातले पाचक रस थांबत नाहीत. तो स्वतःलाच पचवू लागतो. चरबीचे रेणू तुटतात आणि सुटी आम्लं मोकळी होतात. हे थांबवायचं तर त्याला पकडल्याबरोबर कडक गोठवायचं आणि पुन्हा एकदाही वितळू द्यायचं नाही. एकदा वितळून पुन्हा गोठलेला क्रिल दिसायला तसाच राहतो. आतून मात्र तो त्या समुद्राविषयी काहीही खरं सांगत नाही. हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवत असे. अज्ञान म्हणे.

एका मोहिमेत मी स्वतः त्या महासागरात जाऊन आलो होतो. बर्फाच्या कडेपासून सुरुवात करून जहाज उत्तरेकडे, म्हणजे उबदार पाण्याकडे, परतत गेलं, आणि वाटेत ठिकठिकाणी जाळं टाकून आम्ही क्रिल गोळा केला. नमुन्यांचे डबे अंधेरीला आमच्या प्रयोगशाळेत आले. ती दुमजली इमारत आता पाडली आहे. तिथे उंच टॉवर उभा आहे. खालच्या मजल्यावर एक आडवा, वर झाकण असलेला डीप फ्रीझर होता. त्याला आम्ही पेटीच म्हणत असू. डबे गोळा केले त्याच क्रमाने रचले होते. सर्वांत तळाशी बर्फाजवळचे, सर्वांत वर उबदार पाण्यातले.

हा क्रम लक्षात असू द्या.

पेटीवर माझ्या हस्ताक्षरातली पाटी होती : ‘यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.’ अंधेरीत नोकरी करणारा माणूस दुपारी वर्सोव्याला जाऊन ताजी मासळी घेतो आणि घरी जाईपर्यंत ती ठेवायला थंड जागा शोधतो – हे मला चांगलं ठाऊक होतं. एकदा जयवंतीने आईने दिलेली करंदीची पुडी त्यात ठेवली होती. मी ती सर्वांसमोर बाहेर काढायला लावली आणि टाकून द्यायला लावली. तिने टाकली. ‘नियम म्हणजे नियम, सर,’ एवढंच म्हणाली, आणि हात धुऊन कामाला लागली.

त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही मुलुंडचे. पहिल्यांदा त्यांच्याकडे रविवारी जेवायला जायचं होतं. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे. आमच्या घरात नव्या व्याह्यांकडे पहिल्या भेटीला मासा न्यायचा तो अख्खा, डोक्याशेपटीसकट. शेपटी तोडलेला मासा नेणं म्हणजे नातं तोडून नेणं, असं माझी आई म्हणे. मी विज्ञानाचा माणूस; असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण पाळत होतो. विश्वास नसलेल्या किती गोष्टी आपण पाळतो, आणि विश्वास असलेल्या किती मोडतो?

शनिवारी दुपारी मी वर्सोव्याच्या बाजारात गेलो. जयवंतीची आई तिथे बसायची. तिच्या पाटीत एक मोठा रवस होता.

“मास्तर, लेकीच्या सासरी न्यायचाय ना?” ती म्हणाली. “मग त्याच्याकडं असं बाटलीतल्यासारखं बघू नका. उचला.”

“ताजा आहे ना पण?”

“माझ्या पोरीला विचारा. ती तुमच्याकडं शिकायला यायच्या आधी माझ्याकडं शिकलीय.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. रवस वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला आणि प्रयोगशाळेत परत आलो. शनिवारी अर्धा दिवस असे. इमारत रिकामी होती. घरचा फ्रीज लहान, त्यात तो वाकवूनही बसला नसता, आणि मे महिन्यातल्या उकाड्यात तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवायचा होता. मी पेटी उघडली. माझ्याच हस्ताक्षरातली ती पाटी माझ्यासमोर होती. रवस डब्यांवर आडवा ठेवला. शेपटी कडेवर आली आणि झाकण बोटभर वर राहिलं.

शेपटी कापली असती तर झाकण बसलं असतं. टेबलावर कात्री होती.

मी कापली नाही. झाकणावर जाडजूड नियतकालिकांचे दोन बांधीव खंड वजन म्हणून ठेवले, फट पुरेशी मिटली असं स्वतःला सांगितलं, प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि घरी गेलो. ज्या माणसाने पाचक रसांवर व्याख्यानं दिली, त्याने.

रविवारी सकाळी मुलुंडला जाण्याआधी रवस न्यायला आलो, तेव्हा खंड सरकून खाली पडले होते आणि पेटीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. वरच्या थरातले डबे मी हाताने दाबून पाहिले. आतलं मऊ होतं. मधले अर्धवट. तळाचे दगडासारखे घट्ट. मी रवस काढला, फरशी पुसली, झाकण लावलं. सोमवारपर्यंत सगळं पुन्हा गोठणार हे मला माहीत होतं. व्याह्यांकडे रवसाची फार वाखाणणी झाली. मी दोनदा वाढून घेतला.

सोमवारी जयवंतीने पेटी उघडली आणि माझ्या टेबलापाशी आली.

“सर, वरच्या डब्यांना पाणी सुटून गेलंय. परत गोठलेत ते.”

“कशावरून?”

“वाळलेला जवळा एकदा भिजला आणि परत वाळवला, तर आई नुसता हात लावून सांगते. हे तसंच आहे. वासही तसाच आहे.”

मी म्हणालो, “जयवंती, ही प्रयोगशाळा आहे. वाळवणीचं पटांगण नाही.”

सगळे हसले. तिचा चेहरा मी पाहिला नाही. तिने नोंदवहीत लिहू का, असं विचारलं. मी म्हणालो, तू तापमान लिही, बाकीचं मी बघतो. तापमान तोवर ठीक झालेलं होतं. तिने तेवढंच लिहिलं.

इथपर्यंत, मला वाटतं, एखादा सभ्य माणूससुद्धा येऊ शकतो. इथून परतही जाऊ शकतो. मला परतायला काही महिने होते.

चरबीचं पृथक्करण झालं. आलेख आला – आणि काय सांगू, तो सुंदर होता. बर्फाजवळच्या क्रिलची चरबी अखंड. जसजसं पाणी उबदार, तसतशी ती तुटलेली. पायरी-पायरीने, एकही बिंदू रेषेबाहेर नाही. इतक्या स्वच्छ रेषेवर कुणीही भाळला असता, असं म्हणण्याचा मोह होतो. कुणीही भाळला असता. पण ती रेषा कशाची आहे हे फक्त मला माहीत होतं. ती समुद्राच्या उष्णतेची रेषा नव्हती. ती माझ्या पेटीच्या खोलीची रेषा होती. वरचे डबे जास्त वितळले, तळाचे कमी, आणि डबे रचले होते समुद्राच्या क्रमाने. मी तो निबंध लिहिला. एकही आकडा खोटा लिहिला नाही – या वाक्याच्या आधारावर मी कित्येक वर्षं ताठ मानेने चाललो. आकडे खरे होते. ते रवसाविषयी होते.

निबंध गाजला. समुद्र तापला तर त्या थंड पाण्यातलं अन्नच आतून कुजू लागेल, असा त्याचा अर्थ लोकांनी काढला, आणि मी तो काढू दिला. समुद्र तापतोच आहे. क्रिलच्या चरबीवर त्याचे परिणाम होतातच, आणि ते शोधणारी प्रामाणिक माणसं आहेत. माझं खोटं म्हणूनच अधिक वाईट. खऱ्या धोक्याच्या वाटेवर मी खोटी पाटी रोवली.

दोनएक वर्षांनी शंका आल्या. त्याच जाळ्यातले काही नमुने दुसऱ्या शहरात गेले होते, त्यांत तसं काहीच दिसेना. आमचे उरलेले डबे तपासले गेले. ते वितळून पुन्हा गोठले होते हे उघड झालं. चौकशी बसली. तीन माणसं, एक लांब टेबल.

अनिरुद्ध लिहितो की चौकशीत ‘सहायिकेची चूक सिद्ध झाली’. कशी सिद्ध झाली हे त्याला माहीत नाही. मी तिथे होतो. ते वितळणं केव्हाचं असावं, हे समितीतल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. सांगितलं जयवंतीने. तो सोमवार तिला स्पष्ट आठवत होता. मला तेव्हाच सांगितलं होतं, असंही ती म्हणाली. मी म्हणालो, तसं काही आठवत नाही. मग वही उघडली. त्या सोमवारच्या आधीची शेवटची नोंद शनिवारी दुपारी एकची – झाकण बंद, तापमान योग्य – आणि खाली तिची सही. तिने खरं सांगितलं, आणि त्या खऱ्यानेच ती अडकली. ती गप्प बसली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. गप्प बसण्याचं काम तिथे दुसरं कुणी तरी करत होतं.

“तुमच्यानंतर पेटी कुणी उघडली?” अध्यक्षांनी तिला विचारलं.

ती म्हणाली, “मी गेले तेव्हा सर होते. त्यांना विचारा.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी पेटी उघडली होती का? मी म्हणालो, “नाही.” मग त्यांनी विचारलं, जयवंतीने झाकण नीट लावल्याचं मी पाहिलं होतं का? मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.”

हाच तो अपराध. रवस नव्हे, आलेखही नव्हे. ही दोन उत्तरं. दोन्ही मी शांतपणे, शुद्ध भाषेत, खुर्चीत ताठ बसून दिली.

तिची जागा तात्पुरती होती. त्याच वर्षी ती कायम व्हायची होती. ती गेली. माझा निबंध मागे घेतला गेला, सहायकाकडून झालेल्या निष्काळजीपणाचा उल्लेख करून. मला सहानुभूतीची पत्रं आली. मी ती जपून ठेवली.

शेवटच्या दिवशी ती टेबल आवरून माझ्या दारात आली. मला वाटलं रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हींना उत्तरं मी तयार ठेवली होती.

“सर, आईने विचारलंय,” ती म्हणाली, “रवस गोड होता ना?”

मी म्हणालो, “हो.” ती मान डोलावून निघून गेली.

म्हणजे तिला माहीत होतं. समितीपुढे उभी असतानाही माहीत होतं. मग ती बोलली का नाही? माझी संधी माझ्यासाठी राखून ठेवली, की आपल्या शब्दाला तिथे वजन नाही हे ओळखलं, की आईचं नाव त्या टेबलावर यायला नको होतं? मला ठाऊक नाही. तिच्या मौनाचा अर्थ लावण्याचा उद्योग इतरांनी केला – ती गप्प राहिली म्हणजे दोषी, असा. तो अर्थ खोटा आहे, एवढंच मी सांगू शकतो.

अनिरुद्धच्या लेखातला तो परिच्छेद मी पूर्ण खोडला आणि समासात खरी हकीगत लिहून पाठवली. त्याचा फोन आला.

“सर, आता हे उकरून कुणाचं भलं होणार? त्या बाईंनाही एव्हाना विसर पडला असेल.”

“तिला विसर पडला असेल, हे तुला कुणी सांगितलं रे?”

तो हळूच म्हणाला, “सर, गौरवग्रंथ आहे हो. यात हे कसं छापायचं?”

त्याचंही बरोबर आहे. तो परिच्छेद बहुधा गुपचूप गाळला जाईल. त्या जागी माझ्या शिस्तीविषयी काहीतरी येईल. म्हणजे तिच्यावरचा आरोप या पुस्तकात छापला जाणार नाही, आणि मागच्या कागदांतून पुसलाही जाणार नाही. म्हणून हे वेगळं लिहितो आहे, आणि माझ्या नावानिशी छापायला देतो आहे.

ती हयात आहे. वर्सोव्याला आईच्या जागेवर ती बसते, असं ऐकतो. मी तिकडे गेलेलो नाही. गेलो तर क्षमा मागावी लागेल, आणि मागणं म्हणजे तिच्याकडून आणखी काहीतरी घेणंच. हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे. भेकडपणाला मी नेहमीच भारदस्त वाक्यं पुरवत आलो. गेलो नाही, हे खरं.

आणखी एक गोष्ट राहिली. ती वहीत नाही, चौकशीच्या कागदांत नाही, जयवंतीनेही ती कधी कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर नाही. त्या शनिवारी एक वाजता घरी जाण्यापूर्वी तिने पेटीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं. झाकण घट्ट बसलं आहे की नाही हे पाहण्याची तिची एक रीत होती – कडेला कागदाची पट्टी धरायची, झाकण लावायचं, आणि मग पट्टी ओढून पाहायची; सुटून आली तर फट आहे. तिने पट्टी लावली, आणि मी शेजारीच उभा होतो म्हणून म्हणाली, “सर, तुम्हीच बघा.”

मी ओढून पाहिली. पट्टी सुटली नाही.